कळंबातून माणूस आणायला

दुपारी ओसरीवर वर्षा मोठ्यानं पुस्तक वाचायची आणि तिची सासू लालीबाई तुरीच्या शेंगा सोलत ऐकायची. मुक्त विद्यापीठाची परीक्षा वर्षाची होती, पण पुस्तकात जीव अडकला तो सासूचा. अमेरिकेतल्या एका गुलाम बाईचं ते चरित्र. ती मालकाच्या तावडीतून एकटी पळाली, सुटली, आणि सुखानं बसायचं सोडून पुन्हापुन्हा मागे गेली. आईबाप, भाऊ, ओळखीचे, बिनओळखीचे, साऱ्यांना रानातून, पाण्यातून, चांदणीच्या खुणेनं बाहेर काढत राहिली.

“आपल्यातलीच दिसते,” लालीबाईनं निकाल दिला. राळेगावजवळच्या बंजाऱ्यांच्या, म्हणजे गोरमाटींच्या, त्या तांड्यात आता ज्याची त्याची कपाशी होती, तूर होती. पण लालीबाईच्या आज्यानं बैलांवर मीठ लादून, लदेणी करत, मुलूख पालथा घातलेला. “लदेणी निघाली का वाट दाखवणारा पुढं. अन् एक जरी मागं राह्यला तं समदा तांडा थांबे. बैल असो का माणूस.”

“याडी,” वर्षा म्हणाली; तांड्यात आईला याडी म्हणतात आणि सासूलाही. “हे वेगळं हाय. तिथं माणसंच विकत होते, बाजारात. लेकरू एकीकडं, माय एकीकडं.”

लालीबाईचा हात शेंगेवर थांबला. “लेकरू एकीकडं,” ती म्हणाली, “माय एकीकडं.”

वर्षानं जीभ चावली. तिची नणंद उज्ज्वला कळंबच्या घनश्यामसोबत, कुणब्याच्या पोरासोबत, लग्न करून गेली त्याला दहाबारा वर्षं झाली होती. त्याच दिवशी वर्षाच्या सासऱ्यानं, डोंगरसिंगनं, सांगून टाकलं होतं की या घरात तिचं नाव निघायचं नाही. नाव निघालं नाही. लालीबाई फक्त दर सणाला एक पुरी जास्त तळायची आणि मग ती कुत्र्यानं नेली म्हणायची. त्या घरात कुत्रं नव्हतं.

पुस्तक पुढं सरकलं तशी लालीबाईची खात्री पटत गेली. पोरगी तिकडं अडकली हाय. आपली बोली गेली असंल, आपलं खाणं गेलं असंल. बांधायला दोरच लागतो का?

“ती बाई परत जाते माणसं आणाले,” ती सुनेला म्हणाली, “मंग मीच काहून घरात बसून राह्यली?”

“याडी, ताई आपल्या पायानं गेल्या. त्याहिले कोणी विकलं नाही.”

“तू वाच.”

आठवड्याभरानं लालीबाई कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला म्हणून एस.टी.त बसली. देवाच्या नावानं खोटं बोलली म्हणून कळंबात उतरल्यावर आधी देवळात जाऊन आली, आणि मग पत्ता विचारत निघाली. पुस्तकातून तिनं एक गोष्ट पक्की धरली होती. माणूस काढायला जाताना आवाज करायचा नाही.

उज्ज्वला अंगणात गहू वाळत घालत होती. अंगानं भरलेली, कानाजवळ एक पांढरा केस. बाजूला तिची पोरगी. लालीबाई कुंपणाशी उभी राहिली आणि घशातल्या घशात म्हणाली, “चाल. पोरीले बी घे.”

उज्ज्वलानं वर पाहिलं. आधी उजळली, मग तिचं तोंड उतरलं. गोरमाटी बायका पुष्कळ दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडतात, सूर लावतात, काय काय झालं ते गात गात रडतात. त्याशिवाय भेट झाली असं कोणी धरतच नाही. आणि इथं सख्खी आई कोरड्या डोळ्यांनी, चोरासारखी कुजबुजत होती.

“एवढा राग हाय अजून?” उज्ज्वला म्हणाली. “रडत बी नाहीस?”

“हळू बोल. सासू ऐकल.”

“ऐकू दे!” म्हणत उज्ज्वलानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि आपल्या बोलीत सूर लावला. याडी, माझ्या बाळंतपणात तू नव्हतीस. याडी, नातीचे दुधाचे दात पडले, दुसरे आले, तू पाहिले नाहीस. याडी, तांड्याच्या फाट्यावर एस.टी. थांबते, मी खिडकीशी बसून राहते, उतरत नाही. एक शब्द विसरली नव्हती. मग लालीबाईलाही कुठलं पुस्तक आणि कुठलं काय. तिनं वरचा सूर धरला.

सारी गल्ली गोळा झाली. उज्ज्वलाची सासू शकुबाई पिठाच्या हातांनी धावत आली. “अवो, कोण गेलं? कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, आई,” उज्ज्वला हुंदक्यात म्हणाली. “माय आली.”

“मंग रडता कायले अशा? पोरी, आजीले पाणी आण. अन् सरका वो बायांहो, माझा गहू तुडवून राह्यल्या!”

चहा झाला. गूळ कुठं ठेवला ते शकुबाई सुनेला विचारत होती आणि सून तिला दटावत होती. लालीबाई कोपऱ्यात बसून सगळं बघत राहिली. तिला पुस्तकातल्या त्या बाईचा नवरा आठवला. बाई जिवावर उदार होऊन त्याला आणायला गेली, तर त्यानं दुसरं घर मांडलेलं. तो आलाच नाही. वर्षानं ते पान वाचलं तेव्हा लालीबाईनं त्याला चार शिव्या हासडल्या होत्या. आता शिव्या सुचेनात. परतीची वाट त्या बाईनं कशी तुडवली असेल, एवढंच मनात येत राहिलं.

तरी स्टँडवर तिनं विचारलंच, “येतं का?”

“येईन,” उज्ज्वला म्हणाली. “बापूनं नाव घेऊन बोलावलं तं येईन. चार दिवस राहीन. मंग इथं परत येईन, याडी. घर हाय माझं.”

दिवस कलताना लालीबाई तांड्यात पोचली. डोंगरसिंग खाटेवर बसून दोर वळत होता.

“झालं दर्शन?”

“उज्ज्वलाचं झालं,” ती म्हणाली.

दोर त्याच्या हातातच राहिला. तो उठून जाईल असं तिला वाटलं. उठला नाही. दोर पुन्हा वळायला घेऊन म्हणाला, “कोणी पाह्यलं तं नाही तुले?”

“साऱ्या गल्लीनं पाह्यलं. मयत झाली म्हणून गोळा झालते.”

“हं.” मग दोराकडं बघतच, “बारीक झाली का?”

“तुमीच पाहा जाऊन.”

लालीबाई चुलीकडं वळली. मागे, भिंतीकडं तोंड करून, डोंगरसिंगनं ते नाव हळूच घेऊन पाहिलं. पहिल्यांदा नुसता घसा साफ झाला. दुसऱ्यांदा अर्धं आलं. लालीबाई फुंकणी हातात घेऊन, जाळ न फुंकता, तशीच बसून राहिली.