शिट्टीचा नियम

या, पुढे सरका, दाराशी टेकलेल्यांनीही आत या. शपथ पाळूनही फसलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. खोकायचं असेल त्यांनी आत्ताच खोकून घ्या.

मुलगा कॉलेजातला, वसतिगृहात राहणारा. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, गळ्याची शपथ घेऊन तो म्हणाला होता, दारूला शिवणार नाही. शिवला नाही बिचारा. गांजा ओढायचा. त्याच्या खोलीतला जोडीदार, टोपणनाव मास्तर, मात्र दोन्हींचा भक्त. भेदभाव त्याला खपत नसे.

दोघांची एक शिस्त होती. खोलीत बाटली उघडली की एकानं गळ्यात खेळाच्या मैदानावरची शिट्टी घालायची, शुद्धीत राहायचं आणि कुणाचं बिनसलं तर ती फुंकायची. शिट्टीवाल्यानं बाटलीला हात लावायचा नाही. धुराबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. म्हणून शिट्टी कायम लंबूच्याच गळ्यात.

परीक्षा संपली त्या दुपारी मास्तरनं आधी बाटली रिकामी केली, मग लंबूच्या हातातली गांजाची सिगारेट काढून घेतली.

"डोकं जड झालंय रे, जरा हलकं करतो."

डोकं काही हलकं झालं नाही. चेहरा पांढराफटक पडला, दरदरून घाम फुटला आणि गडी पलंगावर उताणा पडला. एकदा ओकला. घशात घरघर सुरू झाली.

शिट्टी फुंकावी तर रेक्टर दोघांनाही वसतिगृहातून काढणार. न फुंकावी तर मास्तरचं काय? धुरानं त्याचाही मेंदू आळसावला होता. त्यानं ताईला फोन लावला. ताई इस्पितळात नर्स.

"ताई, मास्तर उठत नाहीये. दारू प्यायला, वर गांजा ओढला."

"उताणा आहे? आधी कुशीवर वळव. तोंड साफ कर. श्वास बघत राहा." मग म्हणाली, "तुझी जीभ का जड आहे? प्यायलास?"

"नाही, तुझी शपथ. ओढलीय फक्त."



"माझंच चुकलं. शपथेत गांजा घालायचा राहिला. आता रेक्टरला बोलाव, गाडी मागव."

"काढून टाकतील गं."

"मग घरी ये. जेवायला वाढीन आणि बडवीनही. पण तो गेला, तर त्याच्या आईनं कुणाला वाढायचं, ते तिला तू सांगणार आहेस का?"

लंबूनं मास्तरला कुशीवर वळवलं आणि शिट्टी फुंकली. आजवर ती कधी वाजलीच नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. दुसऱ्यांदा सगळ्या मजल्याची दारं उघडली.

देवाची कृपा, मास्तर वाचला. दोघांनाही वसतिगृहातून काढलं. ताईनं शब्द पाळला, दोन्ही बाबतींत.

आता उठा, पण एवढं करा. कुणी असा उताणा पडलेला दिसला, तर काय म्हणतील याचा विचार नंतर करा. आधी त्या ताईची आठवण काढा.