छातीच्या उंचीवर

ग्लेनिस पास्को संतापली होती, आणि त्यातला निम्मा संताप स्वतःवरच होता. हंटर खोऱ्यातल्या या वीजकेंद्रात अकरा वर्षं ती बॉयलरच्या नळ्यांची जाडी मोजत होती. कोळशाचा जाळ पोलाद खातो, म्हणून भट्टीच्या भिंतीतल्या नळ्यांवर चिवट मिश्रधातूचं कवच चढवलेलं. दरवर्षी बॉयलर थंड झाला की परांची ठरलेल्या उंचीवर बांधायची, तिच्यावर उभं राहून छातीसमोरची नळी घासायची आणि आकडा घ्यायचा. आकडे कायम झकास. यंदा परांचीवाले नवे होते, त्यांनी फळ्या मीटरभर खाली टाकल्या. आता तिच्या छातीसमोर जी नळी आली, तिच्यावर कवच औषधालाही उरलं नव्हतं आणि आतलं पोलाद अर्ध्यावर आलं होतं.

अकरा वर्षं तिनं सोयीची जागा तेवढी मोजली होती. नळी फुटली तर आतली दाबाखालची वाफ बाहेर झेपावणार, आणि त्या भिंतीपलीकडे तिचा भाऊ कॉलिन रोज पाळीला फेऱ्या मारायचा, तिच्या आकड्यांच्या भरवशावर.

साहेब वॉरिक म्हणाला, सोमवारी उकाडा वाढणार, विजेची मागणीही वाढणार, बॉयलर पेटलाच पाहिजे. केंद्र तर चार वर्षांनी बंदच होणार आहे, नव्या नळ्यांचा खर्च कशाला.

"नेहमीच्या उंचीवरचे आकडे लिही ना. पद्धत ती पद्धत."

"पद्धतच चुकली, वॉरिक. माझीच चुकली."

"अकरा वर्षांत काही झालं का?"

"कॉलिनच्या बाबतीत एकदा झालं तरी पुरे."

वॉरिकनं न्यूकासलहून दुसरा तपासनीस बोलावला. त्या बाबानं भट्टीत डोकंसुद्धा न घालता जुने कागद बघून सही ठोकली. ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भट्टीत उतरणारा प्रत्येक जण कोळशाच्या झडपेच्या पेटीला स्वतःच्या नावाचं कुलूप लावतो आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढतो. सगळी कुलपं निघेपर्यंत जाळ पेटवायचा नाही. दुपारी सगळ्यांनी आपापली काढली. ग्लेनिस किल्ली खिशात घालून घरी गेली.

सहाला वॉरिकचा फोन आला.

"तुझं कुलूप विसरलीस."

"विसरले नाही."

"मी कापतो मग."

"काप. पण नियम ठाऊक आहे ना? पेटवायला धोका नाही, असं तुला लिहून द्यावं लागेल. तुझ्या नावानं, तुझ्या सहीनं."

ग्लेनिसनं ताटातली मटणाची चॉप कापायला घेतली.

"किती नळ्या गेल्यात?" वॉरिकनं विचारलं.

"मला काय माहीत? आजवर मी अख्खी भिंत मोजलीय कुठे?" ग्लेनिस म्हणाली. "उद्या वरपासून खालपर्यंत परांची बांधून ठेव."