व्याघ्रानंदबाबांचा बिबट्या

पिंपरी पेंढारच्या शिवारात, उसाच्या कडेच्या खांबापुढं निम्मं गाव हात जोडून बसलं होतं. खांबावर कॅमेरा आणि भोंगा होता. कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की भोंगा वाजायचा, माणसं घरात जायची, बिबट्या आपल्या वाटेनं निघून जायचा. आता मात्र त्या खांबाला शेंदूर फासला होता आणि पुढं व्याघ्रानंदबाबा हात वर करून उभे होते.

"ये वाघरा! हाजिर हो! बाबा का हुकूम है!"

भोंगा केकाटला. बायकांनी पदर पसरले. बाबांनी उसाकडं फुंकर मारली, "चले जाओ!" आणि भोंगा गप्प झाला.

"बगितलंस का पोरी?" सरूबाई अश्विनीला म्हणाली. "बोलवलं की येतो, जा म्हनलं की जातो. लई मोठी शक्ती हाय राव!"

अश्विनी जवळच्याच डिंगोरे गावची. शिकून इंजिनिअर झालेली. आसपासच्या गावांतले हे खांब तिनंच बसवले होते.

"आजी, भोंगा वाजला की घरात पळायचं असतं. पाया पडायचं नसतं."

"आता कशापायी पळायचं? बाबांनी दोरा दिलाय. दोरा असंल त्येला वाघ शिवत न्हाई."

त्याच आठवड्यात, दिवस कलताना भोंगा वाजला. बाबा गावात नव्हते. गवत कापणाऱ्या बायकांनी विळे खाली ठेवले आणि जागच्या जागी हात जोडले. बांधावर सरूबाईची नात श्रेया शेळीचं दावं धरून बसली होती, तीही हलली नाही. बिबट्या उसातून आला आणि त्यानं शेळी उचलली. दाव्याच्या हिसक्यानं पोर तोंडावर आपटली. तळहात सोलून निघाले, दोरा मात्र शाबूत.

गाव पेटलं. "गोळ्या घाला त्येला!" "ह्यो खांब उपटून टाका!" बाबांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. उलट बाबांचाच निरोप आला: पोरीनं दोरा चुकीच्या हातात बांधला होता.

अश्विनीच्या अंगाचा तिळपापड झाला. भोंगा वाजला की कॅमेऱ्यातला फोटो तिच्या मोबाइलवर यायचा. आजवर ती ओझरतं बघून पुढं जायची. आता तिनं सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवले. शेळी नेणारा बिबट्या अंग चोरून, पोट जमिनीला टेकवून आलेला. बाबांच्या हुकमानं येणारा मात्र दर वेळी तसाच: उजवा पंजा उचललेला, शेपूट वर वळलेली. एका फोटोत तर त्याच्या पोटावर घडी पडली होती.

बाबांच्या पुढच्या दरबाराला ती वनरक्षकाला घेऊन उसाच्या मागच्या बांधानं गेली. तिथं, खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसेल पण माणसांना दिसणार नाही अशा जागी, बाबांचा शिष्य भागू बसला होता. हातात दोन बांबू, बांबूंना फ्लेक्स, फ्लेक्सवर छापलेला अख्खा बिबट्या.

"ताई, मला बाबांनी सांगितलं म्हनून..." भागू चाचरला. तिनं फ्लेक्स काढून घेतला.

"ये वाघरा!" पलीकडून हाक आली. भोंगा गप्प. "हाजिर हो!" तरी गप्प. तिसऱ्या हाकेला बाबांचा घसा बसला.

तेव्हा अश्विनी फ्लेक्स उघडून कॅमेऱ्यासमोर आली. भोंगा केकाटला. तिनं फ्लेक्स गुंडाळला, भोंगा थांबला. पुन्हा उघडला, पुन्हा केकाटला.

"ह्या यंत्राला आकार ओळखता येतो. जिवंत का छापलेला, ते कळत नाही. ते मी सुधारते. पण तुम्हाला तर डोळे आहेत ना?"

"ये सब माया है," असं पुटपुटत बाबा जीपकडं निघाले. कुणीतरी हसलं. सरूबाई हसली नाही.

"पोरी, मग दोऱ्याबिगर वाघाला बांधायचं कसं?"

अश्विनीला रडू येईल असं वाटलं. इतकं सगळं दाखवूनही प्रश्न तोच होता. ती आजीसमोर बसली.

"बांधायचं नाही, आजी. त्याला त्याची वाट द्यायची. भोंगा वाजला की पोरं घेऊन आत जायचं, दार लावायचं. तुम्ही वाचाल आणि त्याला गोळ्या घाला म्हणायची वेळही येणार नाही. आणि उद्या कुणी नवा चमत्कार घेऊन आला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे केलंस कसं?"