सिदूसाठी वाजलेल्या टाळ्या

उत्तरेश्वरनं दारू सोडायचं ठरवलं, तेव्हाच भूमच्या व्यसनमुक्ती सभेला जायचं नाही हेही ठरवलं. तिथं सिदू होता.

दोघांनी अकरा वर्षं एका बाकावर बसून दारू प्यायली होती. उत्तरेश्वर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा, शेजारीच सिदूचं पंक्चरचं दुकान. दीड वर्षापूर्वी सिदूनं दारू सोडली, त्या सभेला जाऊ लागला आणि बघता बघता ती सभा चालवू लागला. लोक त्याला सिदूभाऊ म्हणू लागले. शाळेत त्याचं भाषण झालं. उत्तरेश्वरची बायको कालिंदी तर उठता-बसता त्याचंच नाव घ्यायची.

"सिदूभाऊजींचा चेहरा बघा कसा उजळलाय."

"गटारात पडायचा तवा म्याच उचलायचो त्याला," उत्तरेश्वर म्हणायचा. "तवा कुठं होते तुझे भाऊजी?"

पण हात इतके थरथरायला लागले, की मोटारीच्या खाचेत तार बसेना. डॉक्टरांनी लिव्हरला सूज सांगितली. मग कालिंदीच्या आग्रहाखातर तो भूमच्या सभेला एकदा गेला. इस्त्रीच्या शर्टातल्या सिदूनं त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाला, "ह्यो माझा जुना दोस्त. ह्याच्यासाठी म्या रोज देवाला हात जोडत होतो." उत्तरेश्वरच्या अंगाची आग झाली. चहा यायच्या आत तो बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात भूमजवळच्याच वाशी गावातल्या सभेला गेला. तिथं चारच माणसं होती. त्यातल्या दोघांनी कौतुकानं सांगितलं, "आमाला भूमच्या सिदूभाऊंनीच हितं आणलं." तिथूनही तो उठला.

उरलं धाराशिव. दर रविवारी दुपारी सभा, एसटीनं दोन तास. कोर्टातून रिटायर झालेले शरणबसप्पा ती चालवायचे. त्यांनी विचारलं, "एवढ्या लांबून? भूमला सभा नाही काय?"

"हाय. पण तिथं एक माणूस हाय."

"पिऊन येतो?"

"न्हाय. पीतच न्हाय. त्याचाच तर तरास हाय."

शरणबसप्पा मोठ्यानं हसले आणि त्यांनी खुर्ची पुढं केली. उत्तरेश्वर टिकला. पहिले पंधरा दिवस घामानं अंथरूण भिजायचं, तरी टिकला. नव्वद दिवस भरले की सभा टाळ्या वाजवायची. तो दिवस मोजत होता.

ऐंशीव्या दिवशी कालिंदी हळू आवाजात म्हणाली, "सिदूभाऊजी मेव्हण्याच्या लग्नात प्यायले म्हणं. चार दिस झालं, दुकान बंद हाय."

उत्तरेश्वरला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी तो एक भाकरी जास्त जेवला. त्याला वाटलं, आता तरी ही म्हणेल, तुमी मातर टिकलात. ती म्हणाली, "जरा जाऊन बघून या त्यांना."

तो गेला नाही.

नव्वदाव्या दिवशी रविवारच होता. नवा शर्ट घालून तो धाराशिवला पोचला, तर सभेच्या दारात सिदू उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तू हितं?" सिदू दचकला. "भूमला तोंड दावू वाटंना. हितं कुणी वळखत न्हाय म्हणून आलो." आणि तो माघारी वळला.

उत्तरेश्वरनं त्याला जाऊ दिलं. गेटपाशी सिदू नळावर वाकला. ओंजळीतलं पाणी तोंडापर्यंत पोचेना, सगळं शर्टावर सांडलं. ती थरथर उत्तरेश्वरला चांगली ठाऊक होती.

"सिद्या, थांब!" तो ओरडला. दंडाला धरून त्याला आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं.

शरणबसप्पांनी नव्वद दिवस जाहीर केले. टाळ्या वाजल्या. मग सिदू कसाबसा उभा राहिला. "मी सिदू. माझा आज पुन्यांदा पयला दिवस." सगळी खोली उठून उभी राहिली. टाळ्या थांबेचनात.

उत्तरेश्वरनं हात वर केला.

"खरं बोलायचं असतं ना हितं? मग सांगतो. म्या ह्याच्यावर जळतो. ह्यानं सोडली तवा जळलो. हा पडला तवा मला ग्वाड वाटलं. आन आता माझ्या नव्वद दिसांपेक्षा ह्याच्या एका दिसाला टाळ्या जास्त, म्हणून पुन्यांदा जळतोय."

कुणी हसलं, कुणी मान हलवली. सिदू मात्र रडायला लागला.

"भूमला म्या दर सभेत पुढं बसून बोलायचो, उत्र्या. सगळे म्हणायचे, सिदूभाऊसारखं व्हा. मलाबी प्यावं वाटतंय, हे म्या कुणाला सांगनार व्हतो?"

शेजारीच दुकान असून उत्तरेश्वरनंही त्याला ते कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सिदूनं दुकान उघडलं. दुपारची वेळ सगळ्यात अवघड, म्हणून उत्तरेश्वर आपलं काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ जुन्या टायरवर जाऊन बसला. येणारा जाणारा म्हणत होता, "या सिदूभाऊ, आलात का परत!" उत्तरेश्वरकडं कुणी बघतही नव्हतं.

त्याला राग येत होता. तरी चार वाजेपर्यंत तो तिथून हलला नाही.