नुसतं पाणी

मित्रांनो, मी सलाईनचा एक जुना स्टँड आहे. नवा होतो तेव्हा सगळे म्हणायचे, वा, काय हलका चालतो! आता माझं एक चाक कायमचं रुसलंय. मला ओढताना वॉर्डबॉय माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, पण काम काही सुटलेलं नाही.

गंभीर पेशंटच्या वॉर्डात माझ्या कमरेला पंप बांधतात. त्यातलं जालीम औषध मुंगीच्या पावलांनी सरकतं. एवढंसं औषध लांब नळीत एकटं सोडलं, तर ते पेशंटपर्यंत पोहोचणार कधी? म्हणून माझ्या हुकाला मिठाच्या पाण्याची बाटली टांगतात. तिचं पाणी त्याच नळीतून संथ वाहतं आणि औषधाला बोट धरून पुढे नेतं.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचं ब्लडप्रेशर याच औषधावर टिकून होतं. उशाशी त्यांची लेक बसली होती. आईचे सुजलेले हात पाहून ती कासावीस झाली आणि बाटलीत काय आहे म्हणून तिने विचारलं. सिस्टरना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेजारच्या खाटेकडे वळता वळता त्या म्हणाल्या, "काही नाही ताई, नुसतं मिठाचं पाणी आहे."

पाण्यानेच सूज चढतेय, असं लेकीच्या मनाने घेतलं. सिस्टर पडद्याआड गेल्यावर तिने नळीवरची चकती फिरवून पाणी बंद केलं आणि आईचा हात कुरवाळत बसली. मला दिसत होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं?

पंप चालू, त्याचा दिवाही हिरवा. औषध मात्र नळीतच साचत राहिलं. प्रेशर घसरलं, मॉनिटर कोकलू लागला. सिस्टर धावत आल्या. पंप तर ठीक होता, मग त्यांना बंद चकती दिसली. जीव वाचवायच्या घाईत त्यांनी ती पूर्ण उघडली, आणि साचलेलं औषध एका दमात आत गेलं. प्रेशर भलतंच चढलं. थकलेल्या हृदयाला ते झेपलं नाही. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, तरी बाई गेल्या.

लेक बाटलीकडे बघत राहिली. "सिस्टर, नुसतं पाणीच होतं ना ते?"

सिस्टर माझा दांडा घट्ट धरून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण विचारल्याशिवाय नळीला हात लावू नका, आणि कुणी विचारलं तर नीट सांगा. त्या सिस्टर आता प्रत्येक खाटेपाशी थांबून पाण्याचं काम समजावतात. त्या लेकीला ते पुढे कुणी समजावलं का, मला ठाऊक नाही. समजावलं नसावं, अशी मी मनोमन आशा करतो.