सोमवारची मूठ

माझी बायको रत्नप्रभा गेली हे मला दहिसरच्या हॉस्पिटलात गुरुवारी सकाळी सव्वानऊला कळलं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. नर्सने तिची पर्स माझ्या हातात दिली. आत चष्मा, गोळ्यांची डबी आणि एक चिठ्ठी होती. ‘सोनूबाई. सांध्यांचे डॉक्टर. मंगळवार, अकरा.’ अक्षर तिरकं होतं, कारण तिची बोटंच तिरकी झाली होती.

बोटं माझ्यामुळे वाकली असं मी म्हटलं की ती रागवायची. पण आमच्या घरात सांधा दुखला की तो वात, आणि सगळ्या वातांना एकच निर्गुडीचं तेल. माझे गुडघे वयाने आणि गिरणीत उभं राहून झिजलेले. त्यांच्यासाठी मिळालेली गोळी मी दोन वर्षं तिलाही देत होतो.

फरक तिनेच ओळखला, भाकरी थापताना. म्हणाली, “अहो, तुमचे गुडघे जिना चढलात की दुखतात, बसलात की बरे. माझं उलटं. सकाळी सहाला भाकरी थापता येत नाही, नऊला येते. आणि दोन्ही हात सारखेच सुजतात. हे एकच दुखणं कसं असेल?”

सातवी शिकलेली बाई. मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात, यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. वाकलेली बोटं मात्र तशीच राहिली.

मग चाळीत कोणी कण्हलं की ती चौकशी करायची. शेजारचा सहदेव एका सकाळी उठला तर पायाचा अंगठा लालबुंद, वर चादरसुद्धा सोसेना.

“काल कुठे होतास रे?”

“मेहुण्याच्या हळदीला, वहिनी.”

“म्हणजे मटण आणि बिअर. तेल चोळू नकोस. डॉक्टरला सांग, युरिक ॲसिड बघा.”

तसंच निघालं. सहदेव म्हणाला, “वहिनी, दारावर पाटी लावा.”

सोनूबाई तेवढी ऐकत नव्हती. ती तीस वर्षं आमच्या दारावर मासे आणते. बोटांची मुळं सुजलेली, तरी एकच उत्तर, “बर्फातला हात हाय वहिनी, दुखणारच.” रत्नप्रभाने तिला न विचारताच डॉक्टरांकडे तिचा नंबर लावून ठेवला होता.

आज सोमवार. आज चाळीत कोणी मासे घेत नाही, म्हणून सोनूबाई मोकळी. सकाळी भेटायला आली, रडली. मग चहाचा कप दोन तळव्यांमध्ये धरला, बोटांनी नाही. रत्नप्रभा तसाच धरायची.

“सोनूबाई, मूठ वळ.”

“आज काय हे, भाऊ?”

“वळ तर.”

दोन्ही मुठी अर्ध्यावर थांबल्या.

“काल दुपारपासून बर्फाला हात लावलास?”

“नाय.”

“आणि रोज बर्फात काम करून दुपारपर्यंत हात सुटतो ना?”

“सुटतो.”

“मग हात बर्फाने आखडतो म्हणतेस, ते कसं गं?”

तिने मुठी सोडल्या. “वहिनीनं हेच विचारलेलं मना. मी काय बोलली माहिताय? तुमची बोटं वाकडी, म्हणून तुम्हाला सगल्यांचीच वाकडी दिसतात.”

“मग ती काय म्हणाली?”

“हसली. बोलली, माझी बघ आणि शहाणी हो.” सोनूबाईने डोळे पुसले. “माझी वाकली तर कोयता कोण धरील, भाऊ? घर त्याच्यावर चालतं.”

“म्हणून तर उद्या अकराला डॉक्टरकडे यायचं. तिने तुझा नंबर लावून ठेवलाय.”

“येते.”

माझा मुलगा सुबोध म्हणतो, सुतकात बाहेर पडू नका. मी पडणार आहे. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. सोनूबाईला डॉक्टरांकडे न्यायचं अजून राहिलं आहे.