निळ्या टेकडीवरचं दूध

"बघा, हा देवाचा पंजा! आणि तळव्यात देवाचा अश्रू!"

धर्मोपदेशक ब्रदर एल्वुडने निळ्या तुऱ्यांच्या एका झुडपाच्या पंजासारख्या पानावर पाणी शिंपडलं. मधोमध टपोरा थेंब थरथरला, पण ओघळला नाही. उत्तर कॅलिफोर्नियाच्या त्या टेकडीवर जमलेल्या गरोदर बायका "आमेन" म्हणाल्या आणि दुधासाठी पेले पुढे करू लागल्या. ब्रदरच्या शेळ्या याच झुडपांवर चरत.

शाळेत जीवशास्त्र शिकवणारी मार्लिस धाकट्या गरोदर बहिणीला, डेलाला, घरी न्यायला आली होती. येताना तिने कुंपणामागे नुकतंच जन्मलेलं करडू पाहिलं. पुढचे पाय गुडघ्यात पिळवटलेले. आईकडे जायला उठे आणि तोंडावर आपटे.

"बाळाचा वाकडेपणा करडू अंगावर घेतं, ताई," डेला म्हणाली.

"वा! आणि करडू धड निघालं तर?"

"तर आईची श्रद्धा कमी पडली."

मार्लिस त्या निळ्या तुऱ्यांकडे वळली. तिने एक झाड उपटायला घेतलं, पण जाडजूड, लाकडासारखं मूळ हलेना. त्यावर गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या होत्या, शेजारीच नवे कोंब. देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून फुटलेल्या पानांच्या बोटांवर मऊ लव, फुलं वाटाण्यासारखी, शेंगा केसाळ. शंकाच उरली नाही.

"हा रानटी लुपिन आहे, वाटाण्याच्या कुळातला, दरवर्षी त्याच मुळातून फुटणारा," ती सर्वांसमोर म्हणाली. "देवाचा अश्रू लवेवर तरंगतो." तिने हात धुण्याच्या बादलीजवळचा साबण बोटाला लावून ब्रदरच्या त्याच पानाला चोळला. थेंब पसरून ओघळून गेला. "यात विष असतं. गाभण शेळीने खाल्लं की करडांचे पाय वाकतात. दुधातही ते उतरतं."

"तुझ्या शंकेचं फळ हिचं बाळ भोगेल!" ब्रदर गरजला.

"ताई, मी पहिल्या महिन्यापासून पितेय," डेला कुजबुजली. "काय होईल गं?"

"मला नाही सांगता येत. कुणालाच नाही. आज थांबव, डॉक्टरकडे चल." मग मार्लिस बायकांकडे वळली. "माझाही शब्द खरा मानू नका. उठा, कुंपणामागे जा, ते करडू बघा आणि मग ठरवा."

सगळ्यात आधी डेला उठली. तिने पेल्यातलं दूध मातीत ओतलं. पोटात गेलेलं मात्र ओतता येत नव्हतं.